जुनी पेठ ओस का पडते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गावाची जुनी वस्ती रिकामी होत जाणे आणि बायपासलगत नवी ले-आउट, म्हणजे शेतात प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहती, वाढत जाणे, या विषयावर विदर्भातील निरनिराळ्या तालुक्यांतून पत्रे आली. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. प्रश्न घरगुती स्वरूपाचे असल्याने पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. माझ्या लहानपणी मुख्य बाजारओळीत कापड, किराणा आणि सराफ्याची दुकाने होती आणि त्यांच्या वरच्या माडीवर दुकानदारांची बिऱ्हाडे राहत. आज निम्म्या दुकानांना कुलपे आहेत, माड्यांची कौले खाली येत आहेत आणि डॉक्टर, वकील, मास्तर, व्यापारी असे सारे बायपासकडे राहायला गेले आहेत. अमेरिकेतील मोठ्या शहरांचे मध्यभागही असेच ओस पडले, असे वाचनात आले. आमच्याकडे घडते आहे ते तेच आहे का? आणि ते अटळ मानून गप्प बसावे का?

उत्तर : वरवर पाहता साम्य आहे, पण कारणे वेगळी आहेत आणि म्हणून उपायही वेगळे आहेत. अटळपणाबद्दल विचाराल, तर ते अमेरिकेतही अटळ नव्हते.

मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइटचे उदाहरण घेऊ. १९५० साली त्या शहरात सुमारे साडेअठरा लाख लोक राहत होते. २०१०च्या जनगणनेत तो आकडा सुमारे सात लाख चौदा हजारांवर आला आणि जुलै २०१३मध्ये शहराच्या प्रशासनाने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारखाने शहराबाहेर गेले, हे एक कारण खरे. परंतु लोकांना बाहेर नेणारे आणि मागे उरलेल्यांना अडकवून ठेवणारे अनेक निर्णय सरकारी कचेऱ्यांत झाले होते. १९३३ साली स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवून घेतले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा लाल रंगात, म्हणजे कर्जासाठी धोक्याच्या, दाखवल्या. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या कर्जहमी योजनेनेही तीच दृष्टी ठेवली, त्यामुळे उपनगरातील नव्या घराला कर्ज सहज मिळू लागले आणि जुन्या वस्तीतील घराची दुरुस्ती करण्यासाठीही ते मिळेना. न्यूयॉर्कजवळ १९४७पासून बांधल्या गेलेल्या लेव्हिटटाउनमध्ये सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली, पण कृष्णवर्णीय कुटुंबांना तेथे प्रवेश नव्हता. १९५६च्या महामार्ग कायद्यानुसार आंतरराज्य महामार्गांचा नव्वद टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला आणि हे रस्ते अनेक शहरांत कृष्णवर्णीयांच्या नांदत्या वस्त्या पाडून नेण्यात आले. डेट्रॉइटची ‘ब्लॅक बॉटम’ ही वस्ती अशीच नाहीशी झाली. शिवाय उपनगरांच्या पालिका वेगळ्या, कर वेगळे आणि शाळाही वेगळ्या असल्याने जाणाऱ्या माणसाबरोबर त्याचा करही गेला. शहराकडे उरले ते लाखोंच्या वस्तीसाठी टाकलेले नळ आणि ते दुरुस्त करण्याची ऐपत नसलेली तिजोरी.

आपल्या गावांची रचना याच्या नेमकी उलट होती, आणि हा फरक विसरून केलेली तुलना दिशाभूल करते. विदर्भातील गावात गढी, देऊळ आणि सावकाराचा वाडा मध्यभागी, तर दलितांच्या वस्त्या गावकुसाबाहेर असत. अमेरिकेत गोरे बाहेर गेले आणि ज्यांना बाहेर जागा नाकारली गेली ते मध्यभागी उरले. आपल्याकडे बाहेर राहणे ही शतकानुशतके शिक्षा होती आणि आज तेच बाहेर राहणे प्रतिष्ठेचे झाले आहे. गावाच्या कडेला ज्यांची घरे होती त्यांच्या शेजारून, कधी त्यांना वळसा घालून, ले-आउटचे सिमेंटचे रस्ते पुढे गेले. जुन्या गावात एकोपा होता आणि आता तो हरवला, असे लिहिणाऱ्या पत्रांशी म्हणूनच मला पूर्ण सहमत होता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली होती. ती करण्याचा अधिकार त्यांच्या अनुभवाने त्यांना दिला होता. जुनी पेठ वाचवायची असेल तर ती जुन्या उतरंडीसह वाचवायची नाही, हे आधीच ठरलेले बरे.

आता आपल्याकडील कारणांकडे वळू. पहिले कारण कापसाचे आहे. वऱ्हाडातील बहुतेक बाजारपेठा कापसावर उभ्या राहिल्या. देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ १८८६ साली कारंजा येथे सुरू झाली आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही कारंज्याच्या वेशींची नावे पाहिली, तर गावाचा मध्य किती दिशांच्या व्यापाराशी बांधलेला होता, हे ध्यानात येते. व्यापारी दुकानाच्या मागे किंवा वर राहत असे, कारण माल, हिशेब आणि गिऱ्हाईक तिन्ही तेथेच होते. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि कापसाचा खासगी व्यापार जवळजवळ थांबला. खरेदी केंद्रे, बाजार समित्यांची मोठी आवारे आणि पुढच्या काळातील जिनिंग कारखाने हे सारे ट्रक वळू शकेल अशा मोकळ्या जागी, गावाबाहेर गेले. योजना पुढे बंद झाली, पण व्यापार बोळात परतला नाही. पेठेचे आर्थिक कारण संपले, तेव्हा तिच्या माडीवर राहण्याचे कारणही संपले.

दुसरे कारण भाड्याचे. जुन्या मध्यप्रांत व वऱ्हाडात १९४९चा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता आणि त्यानुसार नियंत्रकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीसही देता येत नसे. टंचाईच्या काळात भाडेकरूला या संरक्षणाची गरज होती, यात शंका नाही. परंतु भाडे वर्षानुवर्षे गोठलेले राहिल्याने मालकाने कौले बदलणे सोडले, भाडेकरूने परक्याच्या भिंतीवर खर्च केला नाही आणि इमारत दोघांच्या मध्ये खचत गेली. २००० साली लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, तोवर कित्येक दुकानांचे भाडे इतके खाली होते की त्यावर चार टक्के मिळूनही एक आढे बदलता येऊ नये.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण कागदांचे आहे. त्याविषयी पुढच्या प्रश्नात सविस्तर लिहिले आहे.

हे सारे नवीन मात्र नाही. वऱ्हाडावर राज्य करणाऱ्या इमादशाहीची राजधानी राहिलेले अचलपूर आणि त्याच्या शेजारी इंग्रजांच्या छावणीतून वाढलेले परतवाडा पाहा. सत्ता, रस्ता आणि व्यापार छावणीकडे वळले आणि परकोटातील शहर मागे पडले. अलीकडचे उदाहरण खुद्द यवतमाळचे आहे. २०११च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीतील लोकसंख्या सुमारे १ लाख १६ हजार भरली आणि ती २००१पेक्षा कमीच होती, तर त्याच काळात वडगाव, वाघापूर, लोहारा, उमरसरा ही लगतची गावे शहरासारखी भरत गेली. तेथील रहिवासी बाजार, दवाखाना आणि शाळा शहराची वापरत, पण त्यांचा घरकर ग्रामपंचायतीकडे जाई. पुढे हद्दवाढ होऊन ही गावे नगरपालिकेत आली. डेट्रॉइटला पडत्या काळात जे जमले नाही ते येथे झाले. हद्दवाढीला लोक कर वाढतो म्हणून विरोध करतात, तो समजण्यासारखा आहे. पण मध्यभागाच्या खर्चात बाहेरच्यांनी वाटा उचलण्याचा दुसरा मार्ग अद्याप कोणी दाखवलेला नाही.

प्रश्न : वाशीम जिल्ह्यातील एका गावात माझ्या आजोबांचे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, घर गावठाणात आहे. आजोबांना तीन मुलगे व दोन मुली. आता कोणी पुण्याला, कोणी नागपूरला, एक चुलतभाऊ गावातच ले-आउटमध्ये. मी माहेरी परत येऊन आईसोबत त्या घरात राहते. मागच्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. दुरुस्तीला कोणी पैसे देत नाही, विकायला सही करत नाही आणि बँक कर्ज देत नाही. मी काय करावे?

उत्तर : ताई, आपल्या पत्रात जे आहे तेच या संपूर्ण विषयाचे मूळ आहे. पडकी घरे पाहून लोक म्हणतात की कोणाला पर्वा उरली नाही. प्रत्यक्षात बऱ्याच घरांना मालक नसतो असे नाही, तर दहा-बारा मालक असतात आणि कोणाही एकाला काही करता येत नाही.

पहिले काम कागद काढण्याचे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आजोबांचे किंवा वडिलांचे नाव असेल, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे; बँकेने कर्ज नाकारण्याचे कारण बहुधा हेच असावे. गावाचे नगर भूमापन झालेले असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आखीव पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डाची) नक्कल घ्या. नसेल, तर स्वामित्व योजनेत आपल्या गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी झाली आहे का, ते ग्रामपंचायतीत विचारा. ही योजना एप्रिल २०२०मध्ये सुरू झाली असून तिच्यात गावठाणातील घरांना मालमत्ता पत्रक मिळते. शेतीला सातबारा होता, पण असंख्य गावठाणांतील घरांना तसा कोणताच कागद नव्हता. शेत गहाण ठेवता येई आणि घर मात्र ठेवता येत नसे. ले-आउटमधील प्लॉटला खरेदीखत आणि नकाशा असतो म्हणून बँक तेथे पैसे देते. गावातला पैसा बाहेर गेला तो हौसेपेक्षा या एका फरकामुळे अधिक गेला, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. मोजणीच्या वेळी किंवा चौकशीच्या नोटिशीच्या वेळी आपण हजर राहिलाच पाहिजे, कारण मागच्या सांदवाडीची, म्हणजे परसाची, हद्द एकदा चुकीची आखली गेली की पुढे अपिलात वर्षे जातात.

दुसरे काम वारस नोंदीचे. आजोबांच्या, मग वडिलांच्या मृत्यूनंतरच्या सर्व वारसांची नावे लागली पाहिजेत आणि त्यांत दोन्ही आत्यांची व आपलीही नावे आली पाहिजेत. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे आणि त्यासाठी २००५मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. गावात आजही मुलींना बोलावून कोऱ्या कागदावर सह्या घेण्याची रीत आहे. न वाचता सही करू नका आणि आत्यांनाही करू देऊ नका.

त्यानंतर बोलणीला बसा. ज्यांना घराची गरज नाही त्यांनी आपल्या हक्कात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे, हा सर्वांत सोपा मार्ग. रक्ताच्या नात्यात मोबदल्याशिवाय असे पत्र झाल्यास मुद्रांक शुल्क नाममात्र असते. कोणी फुकट सोडायला तयार नसेल तर त्याच्या हिश्शाची किंमत ठरवून हप्त्याने देता येईल. माझा सल्ला असा की बोलणीत घराच्या भावी किमतीपेक्षा भिंत पडून शेजाऱ्याच्या घराचे नुकसान झाल्यास येणाऱ्या जबाबदारीचा विषय आधी काढावा. ती जबाबदारी पुण्याला राहणाऱ्या सहहिस्सेदारालाही चुकत नाही, आणि हे कळल्यावर सह्या लवकर होतात असे दिसते.

काहीच जमले नाही तर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा करावा लागेल. एवढ्याशा घराचे तुकडे करणे व्यवहार्य नसेल, तर १८९३च्या विभाजन अधिनियमानुसार न्यायालय घर विकून पैसे वाटण्याचा आदेश देऊ शकते, आणि एखाद्या हिस्सेदाराने विक्रीची मागणी केली असता दुसऱ्याला तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला घेण्याची संधीही त्यात आहे. एखाद्या चुलतभावाने आपला हिस्सा परस्पर परक्याला विकलाच, तर राहत्या घरातील कुटुंबीयाला तो हिस्सा विकत घेण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम ४मध्ये आहे. दाव्याला वेळ लागतो, म्हणून तो शेवटचा मार्ग समजावा. तोवर बसलेल्या भिंतीची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवा, धाब्यावरची माती उतरवून भार कमी करा आणि दुरुस्तीच्या प्रत्येक खर्चाची पावती जपा. वाटणीत तो खर्च मागता येतो.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यात शिक्षक आहे. हायवेजवळ एका शेतात प्लॉट पाडले आहेत आणि स्वस्तात मिळत आहेत. विकणारे म्हणतात की “एनए होऊनच जाईल.” नोटरीसमोर करारनामा करून देतात. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. नोटरीसमोर केलेल्या करारनाम्याने जमिनीची मालकी मिळत नाही. ती दुय्यम निबंधकासमोर नोंदवलेल्या खरेदीखतानेच मिळते. तसे खरेदीखत विकणारा करून देत नाही, याचा अर्थ काहीतरी अडते आहे. बहुधा तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकण्यास असलेली मनाई, अडत असेल किंवा मंजूर अभिन्यास, म्हणजे ले-आउटचा मंजूर आराखडा, नसेल.

अकृषिक, म्हणजे ‘एनए’, परवानगीचे नियम अलीकडे बरेच सैल झाले आहेत, हे खरे. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतील, प्रादेशिक योजनेत विकासयोग्य असलेल्या जमिनीला स्वतंत्र परवानगीची जुनी यातायात उरलेली नाही. पण त्याचा अर्थ मनास येईल तसे प्लॉट पाडता येतात असा होत नाही. मंजूर अभिन्यासाचा नकाशा मागा. त्यात आखलेले रस्ते आणि खुली जागा प्रत्यक्ष शेतात मोजून पाहा, कारण खुली जागा नकाशात बाग असते आणि पुढे तीच प्लॉट म्हणून विकली जाते. अभिन्यासाची जमीन पाचशे चौरस मीटरहून अधिक असेल आणि प्लॉट आठाहून अधिक असतील, तर २०१६च्या स्थावर संपदा कायद्याखाली ‘महारेरा’ या राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. गुंठेवारीचे, म्हणजे परवानगीविना पाडलेल्या लहान प्लॉटचे, नियमितीकरण होते म्हणून निश्चिंत राहू नका. २००१च्या त्या कायद्याला २०२१ साली मिळालेली मुदतवाढ ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या विकासापुरती आहे आणि आपला व्यवहार आजचा आहे.

याखेरीज एक गोष्ट आहे, जी सातबारावर लिहिलेली नसते. आपल्या पूर्वजांनी गाव वसवताना पांढरीचा, मुरमाचा उंचवटा घरांसाठी घेतला आणि काळी जमीन पिकांसाठी सोडली. ले-आउट नेमके काळ्या रानात पडतात, कारण रस्त्याकडेची शेते तीच असतात. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. अशा जमिनीवर दोन-अडीच फुटांचा पाया घेऊन बांधलेल्या घरात तिसऱ्या-चौथ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. मे महिन्यात तिच्यात रुपयाचे नाणे उभे राहते आणि श्रावणात ती जवळजवळ मिटलेली असते, म्हणून मालक दर दिवाळीला पुट्टी भरतो आणि दर उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. यावर उपाय आहेत. काळी माती संपेपर्यंत खोल जाऊन मुरमावर पाया घेता येतो, किंवा तळाशी फुगवटा असलेले खोल पाइल आणि वर जमिनीपासून सुटी ठेवलेली तुळई घेता येते. दोन्हींना पैसे लागतात, आणि प्लॉट स्वस्त असण्याचा फायदा तेथेच संपतो. दुसरे असे की काळ्या रानातले पाणी जिरत नाही. नाली नसलेल्या ले-आउटमध्ये आषाढात मोटारसायकल मुख्य रस्त्यावर ठेवून घरापर्यंत चिखल तुडवत जावे लागते. एखाद्या मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी तो प्लॉट पाहून या आणि मग निर्णय घ्या.

गावठाणात स्वच्छ कागदाचे घर विकाऊ असेल तर तेही बघा, एवढेच सुचवतो. जागा लहान असेल, गाडी दारात उभी राहणार नाही. पण पाया मुरमावर असेल, नळ असेल आणि आई-वडिलांना दवाखान्यात पायी जाता येईल. दाट वस्तीसाठी बांधकामाचे नियम वेगळे आहेत. २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत जुन्या दाट भागात सोडावयाच्या मोकळ्या जागेबाबत सवलती आहेत, त्यामुळे “जुन्या गावात परवानगीच मिळत नाही” हे ऐकीव विधान तपासून घ्या.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. नवीन पंचायत भवन आणि अंगणवाडी ले-आउटच्या मोकळ्या जागेत बांधण्याचा ठराव येत आहे, कारण गावात जागा नाही. माझा विरोध आहे, पण मुद्दे सुचवा.

उत्तर : गावात जागा नाही हे विधान ग्रामसभेत नकाशावर तपासायला लावा. बहुतेक गावठाणांत पडलेली घरे, बंद झालेल्या शाळेची खोली, जुना कोंडवाडा, विहिरीभोवतीची सरकारी जागा, असे काहीतरी असतेच. अंगणवाडीत जाणारी मुले कोठे राहतात, ते मोजा. ले-आउटमध्ये राहायला गेलेल्यांची मुले पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. अंगणवाडीची गरज असलेल्या आया जुन्या गावात आणि गावाच्या कडेच्या वस्त्यांत राहतात, त्यांना दोन वेळा हायवे ओलांडावा लागेल. हा मुद्दा पुरेसा आहे.

पंचायत भवनाबाबत खर्चाचा मुद्दा मांडा. शंभर घरांची दाट वस्ती आणि शंभर प्लॉटचे ले-आउट यांत पाइप, नाली आणि पथदिवे यांची लांबी कित्येक पटींनी वेगळी असते, आणि निम्मे प्लॉट रिकामे असले तरी पाइप पूर्ण लांबीचा टाकावा लागतो. अभिन्यास मंजूर करून घेणाऱ्याने रस्ता, नाली व वीज करून देणे ही त्याची जबाबदारी आहे; ती पूर्ण झाल्याशिवाय ग्रामपंचायतीने ले-आउट ताब्यात घेऊ नये. सरकारी इमारत आधी तेथे नेली की जबाबदारी विकासकाकडून आपोआप पंचायतीकडे सरकते आणि उरलेल्या प्लॉटचे भाव गावाच्या पैशाने वाढतात. ठरावामागे कोणाचे प्लॉट आहेत, हेही ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : आमच्या नगरपंचायतीने आठवडी बाजार जुन्या पेठेतून बायपासच्या मैदानात हलवायचे ठरवले आहे. मी भाजी विकते. बाजार हलला तर खेड्यावरून ऑटोने येणाऱ्या बायका तेथे उतरणार नाहीत. आम्ही काही करू शकतो का?

उत्तर : करू शकता, आणि लवकर केले पाहिजे, कारण बाजार हलला की पेठेतील उरलेली दुकानेही वर्ष-दोन वर्षांत बंद होतात. नगरपंचायत ही नागरी संस्था असल्याने तेथे २०१४चा पथविक्रेता अधिनियम लागू होतो. त्या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती असली पाहिजे, तिच्यात विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असले पाहिजेत आणि त्या प्रतिनिधींत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. विक्रेत्यांना हलवणे हा शेवटचा उपाय समजला जातो. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असेही म्हटले आहे की ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ बसत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये.

आपल्याला सिद्ध करायचे आहे ते हे की बाजार पन्नास वर्षांहून जुना आहे. नगरपंचायत होण्यापूर्वी आपल्या गावी ग्रामपंचायत होती. तिच्या दप्तरात बाजार बैठकीच्या, म्हणजे विक्रेत्यांकडून बसण्याच्या जागेचे पैसे वसूल करण्याच्या, लिलावाचे जुने ठराव असतील. राज्यातील बहुतेक नगरपंचायती २०१४नंतर आल्या, त्यामुळे ते दप्तर अजून कोठेतरी गठ्ठ्यात बांधलेले असण्याची शक्यता मोठी आहे. माहिती अधिकाराखाली अर्ज करून त्या ठरावांच्या नकला मागा. ज्यांच्याकडे जुन्या बैठक वसुलीच्या पावत्या आहेत त्यांच्याकडून त्या गोळा करा आणि साठी ओलांडलेल्या विक्रेत्यांची प्रतिज्ञापत्रे करून घ्या. मग सर्व विक्रेत्या बायकांच्या सह्यांचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे द्या, त्यात समितीची बैठक घेण्याची आणि बाजाराची पाहणी करण्याची मागणी करा, त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा आणि दोन्हींवर आवक शिक्का मारून घ्या.

अडचण गर्दीची आणि वाहनांची आहे असे उत्तर आले, तर तेही खोटे समजू नका. बाजाराच्या दिवशी पेठेत ट्रॅक्टर अडकतो हे खरेच आहे. त्यावर बाजाराच्या दिवशी सकाळी नऊ ते सायंकाळी सात पेठेत चारचाकी बंद ठेवावी, खेड्यांचे ऑटो जुन्या वेशीजवळ थांबवावेत आणि बैठकीच्या रेषा पांढऱ्या चुन्याने आखून द्याव्यात, अशी लेखी सूचना अर्जासोबतच जोडा.